डिस्कॉर्डवर मराठी रोलप्ले: दोन हजार अक्षरांची कटकट

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर आम्ही रोलप्ले खेळतो, म्हणजे प्रत्येकाने आपलं पात्र घेऊन पाळीपाळीने गोष्ट लिहायची. ऐन लढाईत, पहारेकरी मारला गेल्याची एखाद्याची लांबलचक पोस्ट मर्यादेबाहेर जाते आणि मजकुराची फाइल होऊन पडते. मोबाइलवरचे बाकीचे खेळाडू ती उघडतच नाहीत, तसंच पुढे लिहीत सुटतात आणि चार पोस्टींनंतर मेलेला पहारेकरी आरामात पाणी पितोय. या प्रकाराला वैतागून हे लिहितोय. सर्व्हर कसा उघडायचा, टपरबॉक्समध्ये (आपली पोस्ट पात्राच्या नावाने टाकणारा बॉट) पात्र कसं नोंदवायचं हे सगळ्यांना माहीत आहे. महिनोन्‌महिने वापरल्यावर काय खुपतं, तेवढंच सांगतो.

खुपते ती एका संदेशाला असलेली २००० अक्षरांची मर्यादा. आकडा ऐकायला भरघोस, पण यंत्र काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातली प्रत्येक हलन्ताची खूण वेगळी मोजतं. ‘किल्लेदाराच्या’मध्ये डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, मोजणीत चौदा जातात. ‘स्त्री’ एकटीच सहा खाते. तीनशेच्या आसपास शब्द झाले की पोस्ट भरली. आता हिशोबच मांडायचा तर इंग्रजीवाल्यांनाही साडेतीनशेच्या आसपासच मिळतात, शिवाय आपले ‘च्या’, ‘साठी’, ‘वरून’ शब्दालाच चिकटतात. म्हणजे मराठीवर अन्याय होतो असं काही म्हणता येत नाही. चिडचिड व्हायची ती होतेच.

‘नायट्रो (डिस्कॉर्डचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) घे, ४००० मिळतात’ हा सल्ला कोणी ना कोणी देतोच. एवढ्यासाठी पैसे घालवू नका. टपरबॉक्स तुमचा संदेश पुसून वेबहुकमार्फत (प्रोग्रामने चॅनेलमध्ये संदेश टाकायची सोय) पात्राच्या नावाने पुन्हा टाकतो आणि वेबहुकच्या एका संदेशाला २०००चीच मर्यादा आहे. पात्राच्या तोंडून बोलायचं तर वाढीव जागा एका पोस्टमध्ये मिळत नाही.

फुकटचा उपाय म्हणजे पोस्ट दोन तुकड्यांत टाकणे. पहिल्या तुकड्याखाली ‘१/२’ लिहा, म्हणजे कोणी मध्ये घुसणार नाही. दोन्ही तुकडे आधी नोट्समध्ये तयार ठेवा. पण चॅनेलला स्लोमोड (एका संदेशानंतर ठरावीक वेळ थांबायला लावणारी सोय) लावला असेल तर दुसरा तुकडा अडकतो, आणि हा स्लोमोड सहा तासांपर्यंत लावता येतो. गंमत म्हणजे स्लोमोड टाळायचा अधिकार असलेल्यांना तो लागूच होत नाही. त्यामुळे खेळ चालवणारा धडाधड तीन पोस्टी टाकतो आणि बाकीचे गप्प का, म्हणून विचारतो. पाळी सांभाळायला स्लोमोड नकोच. पाळीचा क्रम लिहून तो संदेश पिन करा आणि ४८ तासांत पोस्ट आली नाही तर पुढच्याने लिहायचं, एवढं ठरवा. पुणे आणि न्यू जर्सी एकाच खेळात असतील तर २४ तास कमी पडतात. तिकडे हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो.

लढाईच्या प्रसंगात मात्र या २००० अक्षरांच्या मर्यादेबद्दलचं माझं मत निवळलं. लांब पोस्टमध्येच लोक दुसऱ्याचं पात्र परस्पर चालवतात. ‘सर्जेरावाने वार केला, बळवंताची ढाल फुटली, तो गुडघ्यावर आला’ यात बळवंत लिहिणाऱ्याला काही उरलंच नाही. गॉडमोडिंग म्हणतात ते हेच. ‘सर्जेराव बळवंताच्या डाव्या खांद्यावर वार टाकतो’ इथे थांबा. लागला की हुकला, ते बळवंतवाला ठरवेल. एका पोस्टमध्ये एकच प्रयत्न, तोही वर्तमानकाळात. भूतकाळात लिहिलं की वार लागूनच मोकळा होतो. असं लिहिलं तर लढाईची पोस्ट शंभर शब्दांतही होते. उलट बाजूही आहे: बळवंतवाला प्रत्येक वार चुकवत असेल तर त्यालाही टोकायला हवं.

टपरबॉक्सची अजून एक खोड. पात्राच्या पोस्टला ‘रिप्लाय’ दिला म्हणून त्यामागच्या खेळाडूला सूचना जाईलच असं धरू नका, कारण ती पोस्ट त्याच्या खात्याची नसून वेबहुकची असते. निम्मे ‘गायब’ झालेले खेळाडू गायब नसतात, त्यांना पत्ताच नसतो. खेळाबाहेरच्या गप्पांचं वेगळं चॅनेल ठेवा आणि तिथे खऱ्या खात्याला टॅग करून ‘पाळी तुझी’ म्हणा. खेळाच्या चॅनेलमध्ये खेळाबाहेरचं बोलायचंच असेल तर दुहेरी कंसात, एका ओळीत. त्या गप्पांत कळलेलं गुपित पात्राला माहीत नसतं, हेही अधूनमधून आठवण करून द्यावं लागतं.

नको असलेले विषय खेळ सुरू होण्याआधीच विचारून घ्या: काय अजिबात येऊ नये आणि काय आलं तरी पडद्याआड ठेवायचं. मध्येच कोणी ‘थांबा’ म्हटलं तर कारण न विचारता प्रसंग पुढे सरकवा. मजकूर झाकणारी स्पॉयलरची काळी पट्टी याला पर्याय नाही. ती कुतूहलाने सगळेच उघडतात.

प्रत्येक प्रसंगाला वेगळा थ्रेड (चॅनेलच्या आतली वेगळी शाखा) बरा. फक्त शांत पडलेला थ्रेड जास्तीत जास्त आठवडाभराने यादीतून दिसेनासा होतो. पुसला जात नाही, कोणी लिहिलं की परत वर येतो. नव्या खेळाडूंना हे आधीच सांगा, नाहीतर ‘खेळ बंद केलात का?’ अशी विचारणा ठरलेली.