बंगळूर पाहायला बीएमटीसीचा ८० रुपयांचा दिवसाचा पास: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जूनमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि सांगलीहून आम्ही चौघं बंगळुरात आलो, बनशंकरीला. गाडी सासऱ्यांकडेच ठेवली, कारण इथल्या रस्त्यांबद्दल जे ऐकलं होतं त्यावरून रविवार गाडीत अडकून घालवायचा नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. मुलगी चौथीत, मुलगा चार वर्षांचा. नवीन शहर चौघांनी मिळून बघायचं आणि तेही खिशाला झेपेल असं, म्हणून शहर बससेवेचा म्हणजे बीएमटीसीचा दिवसाचा पास घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून बहुतेक रविवार आणि सुट्ट्या याच पासावर गेल्या. महाराष्ट्रातून नव्याने येणारे ओळखीचे लोक याबद्दल फार विचारतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

आधी व्यवहाराचं. जानेवारी २०२५ मध्ये पास ७० चा ८० रुपये झाला. साध्या, म्हणजे एसी नसलेल्या कुठल्याही बसमध्ये त्या दिवशी रात्री बारापर्यंत कितीही वेळा बसा. वज्र नावाच्या एसी बस आणि विमानतळाच्या वायुवज्र बस यात येत नाहीत. पास कंडक्टरकडेच मिळतो. पासावर ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा असतो, म्हणून पर्समध्ये पेन आणि आधारची प्रत कायम ठेवा. मोबाइलवर टुमॉक अॅपमधूनही पास निघतो, पण मला कागदाचाच बरा वाटतो. मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसते, आणि लहान मूल सोबत असलं की मोबाइल आपल्या हातात राहतच नाही. आठवड्याचा पास ३५० आणि महिन्याचा १,२०० रुपयांना आहे. तो रोज कामाला जाणाऱ्यांसाठी. फिरणाऱ्यांना दिवसाचाच.

पैसे वाचतात का? साध्या बसचं भाडं ६ रुपयांपासून सुरू होतं आणि लांबच्या टप्प्यांना वीस-पंचविसाच्या घरात जातं. म्हणजे नुसतं मॅजेस्टिकला, शहराच्या मुख्य बसस्थानकाला, जाऊन परत यायचं असेल तर पास तोट्याचा, सरळ तिकीट काढा. चार लांबचे टप्पे झाले की पास वसूल. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं, त्यामुळे आम्ही मुलीचं प्रत्येक वेळी अर्धं तिकीटच काढतो. पास फक्त आम्हा दोघांचे.

पण हा हिशेब सांगून पासाची खरी किंमत कळत नाही. पैसे सकाळीच दिलेले असतात, त्यामुळे वाटेत कुठेही उतरताना मनात खळखळ होत नाही. खिडकीतून काही दिसलं, पोरांनी बोट दाखवलं, की पुढच्या स्टॉपला खाली. तासाभराने मागून येणारी बस पकडायची. कॅब ठरवून गेलो असतो तर जिथे जायचं ठरवलंय तिथेच गेलो असतो. बंगळूर आम्हाला कळलं ते या अधल्यामधल्या उतरण्यांमुळे.

बसवनगुडी असंच कळलं. बस गांधी बझारच्या बाजूने चालली होती, फूटपाथवर फुलांचे ढीग दिसले आणि मुलगी म्हणाली, "आई, उतरूया ना!" उतरलो, ते संध्याकाळीच परत बसमध्ये बसलो. तिथे विद्यार्थी भवन आहे, १९४३ पासूनचं. शुक्रवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. रविवारी रांग असते, पण ती थांबण्यासारखी आहे. वेटर खांद्यापासून मनगटापर्यंत हातावर डोशाच्या ताटल्यांची चळत रचून येतो आणि एकेक ताटली टेबलावर सरकवत पुढे जातो. आमचा धाकटा खायचं सोडून ते बघत बसला. डोसा जाड, बाहेरून लालसर कुरकुरीत, आतून मऊ, वरून पातळ चटणी. सांबार मागू नका, तिथे डोशाबरोबर ते देत नाहीत. तिथून चालत बसवण्णाच्या, म्हणजे नंदीच्या देवळात गेलो. एका अखंड दगडातला तो नंदी इतका मोठा आहे की त्याच्यासमोर उभं राहून मुलांना मान वर करावी लागते. देऊळ बंगळूर वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडांचं, सोळाव्या शतकातलं. शेजारच्या बागेत बुगल रॉक नावाचा खडक आहे, जवळपास ३०० कोटी वर्षांचा. लालबागेतला मोठा खडकही त्याच जातीचा. त्या खडकावर पोरं घसरगुंडी खेळतात आणि आपण बसून वारा खातो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे कडलेकाई परिषे भरते, म्हणजे शेंगांची जत्रा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांच्या राशी. आम्ही शेंगांच्या गावचे. माझी सासू पिशवी भरूनच घरी आली.

सासू-सासरे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आले होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या बसने फिरल्या, कारण विजेवरच्या काही नव्या बसची पायरी खाली असते आणि त्यांत साधाच पास चालतो. थोडं थांबावं लागलं तरी अशीच बस येऊ द्यायची. वयस्कर माणसं सोबत असतील तर हे मी मनापासून सांगेन.

साध्या बसमध्ये पुढचा भाग बायकांचा. म्हणजे मी आणि मुलं पुढे, नवरा मागे. पहिल्या काही वेळा गर्दीत तो दिसेनासा झाला की मुलगा रडकुंडीला यायचा. मग आम्ही उतरायचं ठिकाण चढण्याआधीच ठरवायला लागलो आणि मुलीकडे काम दिलं, स्टॉप मोजायचं. तिने त्यापुढे जाऊन बसच्या कन्नड पाट्या वाचायला घेतल्या. पाटीवर कन्नड आणि इंग्रजी आलटूनपालटून येतं, त्यावरून तिने एकेक अक्षर जुळवलं. दिवाळीपर्यंत ती "मॅजेस्टिक", "जयनगर", "बनशंकरी" दुरून वाचत होती. शाळेत कन्नड विषय आहे, त्याची तिला भीती होती. ती बसमध्येच गेली. कंडक्टर लोकांचाही यात वाटा आहे. शिट्टी, चामड्याची पिशवी, बोटांच्या बेचक्यात घड्या घालून धरलेल्या नोटा, एवढ्या धांदलीत एक कंडक्टर तिला थांबून म्हणाला होता, "पुट्टी (म्हणजे छकुली), पुढचा स्टॉप वाच बघू." तिने बरोबर वाचलं तेव्हा आजूबाजूच्या बायका हसल्या आणि एका आजींनी आपल्या वेणीतला मोगरा काढून तिच्या केसांत माळला.

फुलांवरून के. आर. मार्केट. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. आत शेवंती, झेंडू, अबोली, गुलाब यांचे हिरवे-पिवळे-केशरी डोंगर, आणि गजरा मोजून द्यायची पद्धत पाहण्यासारखी. बाई गजऱ्याचं टोक कोपराला लावते, बोटांपर्यंत ताणते, तेवढा एक हात. वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो होतो. तसल्या गर्दीत लहान मुलांना नेऊ नये. इतर दिवशी जरूर न्यावं. याच भागात ५ ऑगस्ट १९०५ रोजी विजेचे रस्त्यावरचे दिवे लागले, देशात फार लवकर वीज आलेल्या शहरांत बंगळूर आहे. जवळच टिपूचा लाकडी उन्हाळी महाल आहे, १७९१ चा. तो दोन-चार खांब बघून संपतो, पण बाजाराला जोडून होऊन जातो.

मल्लेश्वरम मात्र आम्हाला आपलंसं वाटलं, आणि याला कारण आहे. तिथलं काडू मल्लेश्वराचं देऊळ सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी बांधलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं, ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि भोसल्यांचा इथे चांगला मोठा मुक्काम झाला. शाळेच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचं बालपण शिवनेरी-पुण्याभोवतीच संपतं. माझ्या मुलीला महाराज लहानपणी या गावातही राहून गेले आहेत हे कळलं तेव्हा तिने देवळाच्या पायरीवर बसून मला इतके प्रश्न विचारले की घरी येऊन वाचावं लागलं. देवळासमोर नंदीतीर्थ आहे. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते. १९९७ पर्यंत हे सगळं मातीखाली गाडलेलं होतं. बंगळुरात येणाऱ्या प्रत्येक मराठी घराने ही दोन ठिकाणं पाहिलीच पाहिजेत असं मला वाटतं, आणि देवळाच्या आवारात भोसल्यांचं नाव ठसठशीत दिसेल अशी माहितीची पाटी मराठीतही असावी असंही वाटतं.

दुसरा असाच धागा कब्बन पार्कजवळच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात. इथले सर विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग शिकले पुण्यात, नोकरीला लागले मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, आणि खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, १९०३ मध्ये. त्यांच्या नावाच्या या संग्रहालयात इंजिनांचं दालन आहे, राइट बंधूंच्या विमानाची प्रतिकृती आहे, हलणारा डायनासोर आहे. दोन तासांत बाहेर पडू असं समजून जाऊ नका. रविवारी कब्बन पार्कच्या आतल्या रस्त्यांवर गाड्या बंद असतात, त्यामुळे संग्रहालयातून निघून पोरांना तिथे मोकळं सोडता येतं.

बन्नेरघट्टाच्या प्राणिसंग्रहालयाला मॅजेस्टिकवरून ३६५ नंबरची बस थेट जाते. पासातलं सगळ्यात लांबचं आणि सगळ्यात दमवणारं हेच. मंगळवारी ते बंद. त्या रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे, पोहोचायला लागेल त्यापेक्षा जास्तच वेळ धरा आणि पाणी, खाऊ सोबत ठेवा. फुलपाखरांची बाग मुलांना प्राण्यांइतकीच आवडली.

आता पासाच्या मर्यादा. संध्याकाळी पाचनंतर बस म्हणजे परीक्षा. रस्ता तुंबला की पास असून काही उपयोग नाही, धाकटा मांडीवर झोपतो आणि पाठीचा काटा ढिला होतो. पावसात तर विचारू नका. म्हणून आम्ही एक शिरस्ता पाडला: जाताना बस, येताना मेट्रो. मेट्रोचं कार्ड वेगळं, पास तिथे चालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचं भाडं वाढलं. कमीत कमी १०, जास्तीत जास्त ९० रुपये. कार्डावर ५ टक्के सूट, रविवारी १० टक्के, पण कार्डात ९० रुपये शिल्लक असावे लागतात आणि माणशी एक कार्ड लागतं. तीन फुटांपेक्षा उंच मुलाला पूर्ण भाडं. माझा चार वर्षांचा मुलगा बसमध्ये फुकट आणि मेट्रोत पूर्ण तिकिटाचा. चौघांच्या घराला हा फरक जाणवतो. लहान मुलांसाठी मेट्रोने अर्धं तिकीट सुरू करायलाच हवं, आणि बस-मेट्रोचा मिळून एक दिवसाचा पासही. एवढ्या मोठ्या शहराला ते अवघड नाही.

आता शेवटचं, आणि बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. माझ्या आधारवर सांगलीचा पत्ता होता, त्यामुळे सुरुवातीचे महिने मीही पास घेत होते. भाडेकराराच्या आधारे पत्ता बदलून घेतला आणि आता कंडक्टर मला शून्य रुपयांचं तिकीट देतो. म्हणजे आमच्या घरात पास आता एकाच माणसाचा, ८० रुपये. मी आठवड्यात अधूनमधून एकटीही निघते. भाजीला जयनगर, पुस्तकांना चर्च स्ट्रीट. पहिल्या दोन महिन्यांत कुठेही जायचं तर नवऱ्याची वाट बघावी लागायची, ते पूर्ण थांबलं.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो एसी बस आणि मेट्रो यात नसल्याबद्दल. नव्याने येत असाल तर सामान लावून झालं की पहिल्याच आठवड्यात आधारचा पत्ता बदलायला टाका. तोवर दोन पास घ्या, रविवारी सकाळी आठच्या आत घर सोडा, आणि पहिली फेरी गांधी बझारची करा.