गॅरेजचा जुना कोड आणि ५२४ डॉलरचं बिल

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही गेल्या वर्षी जुनं घर घेतलं. मालकाने किल्ल्यांच्या जुडग्यासोबत गॅरेजचा एकच रिमोट दिला. दुसरा "असेल कुठेतरी" म्हणाला. कुलपं आम्ही पहिल्याच आठवड्यात बदलली, गॅरेज मात्र डोक्यातच आलं नाही. आणि गॅरेजमधून स्वयंपाकघरात येणाऱ्या दाराला आम्ही कधी कडीही लावत नव्हतो.

एका सकाळी पाहतो तर गॅरेज सताड उघडं. गेलं काहीच नव्हतं. बहुधा रात्री आम्हीच विसरलो असू. पण त्या दुसऱ्या रिमोटचा किडा वळवळायला लागला. '२९ डॉलरमध्ये सर्व्हिस' अशी जाहिरात दिसली, फोन केला.

दोन तासांत माणूस हजर. कोरी पांढरी व्हॅन, वर नाव ना नंबर. शिडीवर चढून छताजवळच्या मोटरचं झाकण उघडलं, मान हलवली. म्हणे, जुने रिमोट मोटरच्या सर्किट बोर्डाच्या मेमरीत कायमचे बसलेत, पुसता येत नाहीत, बोर्डच बदलावा लागेल. वर "स्प्रिंगला ताण असतो, तुम्ही बाहेर थांबा" असंही सांगितलं. स्प्रिंगचा धोका खराच असतो, म्हणून मी निमूट बाहेर गेलो. तिथेच फसलो. वीस मिनिटांत काम संपलं. बोर्डाचे २८५, दोन रिमोटचे १५०, ते जोडण्याचे ६० आणि जाहिरातीतले २९, एकूण ५२४ डॉलर. कार्ड दिलं तर चार टक्के जास्त, म्हणून झेलने (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवले. चार टक्के वाचवल्याचा आनंदही झाला होता मला.

पंधरा दिवसांनी सांगलीहून आई आली. फिरून परतली तेव्हा आम्ही घरी नव्हतो. फ्रिजवर जुन्या मालकाने लिहून ठेवलेला गॅरेजच्या दाराबाहेरच्या कीपॅडचा कोड चिकटलेला होता, तो तिला पाठ झाला होता. तिने तोच दाबला आणि दार उघडलं. संध्याकाळी सहज म्हणाली, "तुमचं ते यंत्र बरं आहे हो." माझ्या पोटात गोळा आला. बोर्ड नवा असेल तर जुना कोड चालेलच कसा?

शेजारचे नागपूरचे काका शिडी घेऊन आले. झाकणाच्या आत जुनी जळमटं जशीच्या तशी होती. बोर्ड तोच, मेमरीही पुसलेली नाही. त्या माणसाने फक्त दोन रिमोट वाढवले होते. म्हणजे ५२४ डॉलर मोजूनही तो हरवलेला रिमोट आमचं दार उघडू शकत होता!

काकांनी मोटरवरचं जांभळं 'लर्न' बटण दाखवलं. दिवा विझेपर्यंत, साधारण सहा सेकंद, ते दाबून धरलं की सगळे रिमोट आणि कीपॅड एकदम विसरले जातात. मग तेच बटण एकदा दाबून सोडायचं आणि तीस सेकंदांच्या आत रिमोटचं बटण दाबायचं. मोटरचा दिवा लुकलुकला की तो जोडला गेला. प्रत्येक रिमोटला हेच, कीपॅडला नवा कोड. दारापाशी भिंतीवरचं वायरचं बटण यात पुसलं जात नाही. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, पण बहुतेक मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. आमचं मॅन्युअल गॅरेजच्याच कपाटात होतं, हे कबूल करायला लाज वाटते.

गाडीच्या आरशाखाली गॅरेज उघडायची बटणं असतील तर गाडी विकताना तीही पुसा. तोही एक रिमोटच असतो.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. इथे घरदुरुस्तीच्या कंत्राटदारांना राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि तो नंबर बिलावर असतो. माझ्या बिलावर नंबर नाही, पत्ताही नाही. झेलने गेलेले पैसे परत मिळणार नाहीत, असं बँकेने सांगितलं. विभागाकडे तक्रार टाकली आहे. पण व्हॅनचा नंबर विचारला, तेव्हा मला तो रकाना रिकामा सोडावा लागला.