तयार फ्लॅट की चालू बांधकामातला?

मुलुंडला घर शोधणारी मामेबहीण याच पेचात आहे. ब्रोशर बाजूला ठेवू. अडचण माहितीची आहे: बिल्डरला ठाऊक असतं ते घेणाऱ्याला नसतं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांवरून दाखवलं, की अशा बाजारात चांगला मालही संशयापायी मागे पडतो.

तयार घरातली ओल, पाण्याचा दाब, शेजार स्वतः पाहता येतो. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यावर जीएसटी नाही. भाव मात्र सहसा चढा. चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १), आणि ताबा लांबला की भाडं अन् हप्ता दोन्ही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याने, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. हा मोठाच आधार, पण उशीर त्याने टळत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी तयार घरच घ्यावं. डोक्यावर छप्पर असेल, तर महारेराच्या (रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मुदत तपासून चालू बांधकाम चालेल.