विंडोजची ग्रुप पॉलिसी: कॉलेजच्या लॅबमध्ये वापरून झाल्यावर

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार लॅब आहेत, १२० कॉम्प्युटर, आणि त्यांची देखभाल माझ्याकडे. पूर्वी मी आणि लॅब असिस्टंट एकेका मशीनसमोर बसून प्रॉक्सी (इंटरनेट ज्या सर्व्हरमधून जातं त्याचा पत्ता) टाकायचो, पेन ड्राइव्ह बंद करायचो. परीक्षेआधीचे दोन दिवस त्यातच जायचे. आता ते सगळं ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकाच जागेवरून नियम लावायच्या विंडोजच्या सोयीतून, सर्व्हरवर बसून एकदाच करतो. विंडोज २००० पासून असलेली ही सोय मला आजही मनापासून आवडते.

केलेला बदल मशीनपर्यंत आपोआप पोचायला जास्तीत जास्त दीड ते दोन तास लागतात. दर ९० मिनिटांनी मशीन विचारणा करतं, वर अर्ध्या तासापर्यंतचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे सगळी मशीन एकदम सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. घाई असली की त्या मशीनवर 'जीपीअपडेट' ही कमांड चालवायची.

खरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे ग्रुप पॉलिसीचे दोन भाग. कॉम्प्युटरच्या सेटिंग मशीन सुरू होताना लागतात, युजरच्या सेटिंग लॉगिन करताना. नवीन माणूस लॅबच्या ओयूला (सर्व्हरवर कॉम्प्युटर किंवा युजर एकत्र ठेवायचा गट) कंट्रोल पॅनेल बंद करणारी पॉलिसी जोडतो आणि ती लागतच नाही म्हणून वैतागतो. लागणार कशी? त्या ओयूत कॉम्प्युटर आहेत, माणसं नाहीत, आणि कंट्रोल पॅनेल युजरच्या भागात येतं.

त्यावर उपाय ग्रुप पॉलिसीतलीच लूपबॅक ही सेटिंग. तो चालू केला की लॅबच्या मशीनवर कुणीही बसो, लॅबचे नियम लागतात. मला तेच हवं होतं, कारण शिक्षक लॉगिन तसंच ठेवून बाहेर गेले की मुलांना सगळं मोकळं मिळायचं. लूपबॅकचे 'रिप्लेस' आणि 'मर्ज' असे दोन प्रकार; मी 'रिप्लेस' निवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मॅडमचा फोन. सर्व्हरवरचं त्यांचं फोल्डर लॉगिन केलं की एस ड्राइव्ह म्हणून दिसायचं. "सर, माझा एस ड्राइव्ह कुठे गेला? प्रॅक्टिकल सुरू आहे, मुलं बसलीयत." लॅबमध्ये जाऊन त्यांच्याच लॉगिनमध्ये 'जीपीरिझल्ट' या कमांडने लागलेल्या पॉलिसींचा एचटीएमएल रिपोर्ट काढला. ड्राइव्ह जोडणारी त्यांच्या विभागाची पॉलिसी त्यात नावालाही नव्हती. रिप्लेसमध्ये युजरच्या स्वतःच्या पॉलिसी धरल्याच जात नाहीत. 'मर्ज' केलं, मॅडमना पुन्हा लॉगिन करायला लावलं, ड्राइव्ह परत आला. मर्जमध्ये युजरचं आधी लागतं, मशीनचं नंतर, आणि दोघांत विरोध आला तर मशीनचं चालतं. कंट्रोल पॅनेल बंदच राहिलं.

तो रिपोर्ट या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग. कोणती सेटिंग कोणत्या पॉलिसीमुळे लागली, हे ओळीओळीने दिसतं. तो काढल्याशिवाय मी आता एकाही तक्रारीला हात लावत नाही.

खटकतं ते एवढंच: प्रेफरन्सेसमधून (प्रिंटर, ड्राइव्ह वगैरे जोडून द्यायचा ग्रुप पॉलिसीतला भाग) दिलेली गोष्ट पॉलिसी काढली तरी मशीनवर तशीच राहते, काढून टाकण्याच्या पर्यायावर आधीच टिक केली नसेल तर. जुने प्रिंटर आम्हाला महिनाभर दिसत होते. आणि घरी नेलेल्या लॅपटॉपला व्हीपीएनशिवाय (कॉलेजच्या नेटवर्कला बाहेरून जोडायची सोय) नवे बदल मिळत नाहीत. बाहेर फिरणारी मशीन जास्त असतील तर इंटरनेटवरून मशीन सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनकडे बघा.

नवीन लॅब उभी करत असाल तर कोटेशनमध्येच विंडोजची प्रो एडिशन लिहून घ्या. होम एडिशन डोमेनला, म्हणजे सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कला, जोडता येत नाही.