मास्क्ड आधार: झेरॉक्सच्या काउंटरवरून

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. सांगली-कोल्हापूरचेच काय, अथणी-विजापूरकडचेही पेशंट इथं येतात आणि पेशंटमागे नातेवाईक, नातेवाइकांच्या हातात कागदांची पिशवी. माझ्या मशीनमधून आधार कार्डाइतका दुसरा कुठलाच कागद जात नसेल. त्यामुळे मास्क्ड आधारबद्दल चार शब्द लिहायचा हक्क मला आहे, असं मी समजते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मास्क्ड आधार म्हणजे तेच आपलं आधार, फक्त बारा आकड्यांपैकी पहिल्या आठांच्या जागी फुल्या. शेवटचे चार तेवढे दिसतात. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मायआधार पोर्टलवर आधार नंबर टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, 'डाउनलोड आधार'मध्ये जायचं आणि मास्क्ड हवं का, त्या चौकोनात टिक करायची. फुकट आहे. फोटो, नाव, पत्ता, क्यूआर कोड सगळं जागेवर असतं, आणि क्यूआर स्कॅन करून कार्ड खरं आहे की नाही तेही तपासता येतं. खोली भाड्यानं देणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे?

माझी पहिली तक्रार त्या टिकेबद्दलच आहे. टिक केली नाही तर पूर्ण नंबरवालं कार्ड उतरतं. उलटं हवं होतं. फुल्यांचं कार्ड आपोआप मिळावं आणि ज्याला पूर्ण नंबर लागतो त्यानं टिक करावी. काउंटरला टेकून घाईत डाउनलोड करणारा माणूस खालचा चौकोन वाचत नाही. "ओ ताई, काढा की पटकन, टोकन गेलं तर परत लाइन," म्हणतो आणि पुढचं पान उघडतो.

दुसरी गोष्ट पासवर्डची. पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. म्हाताऱ्या माणसालाही लक्षात राहतो, हे खरं. पण ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत, त्याच्यापुढे हे कुलूप नाहीच. आणि लोक तेवढंही राहू देत नाहीत. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात, लगेच खालच्या ओळीत पासवर्ड.

व्हॉट्सॲपचं जरा सविस्तर सांगते, कारण खरी गळती तिथं आहे. "नंबर सांगा, टाकतो" म्हणून गिऱ्हाईक आधार, पासबुक, रेशन कार्ड सगळं दुकानाच्या नंबरवर पाठवतं. प्रिंट घेतं, पैसे देतं, जातं. त्या फाइल मात्र तीन ठिकाणी उरतात: दुकानाच्या चॅटमध्ये, कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आणि गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या फोनमध्ये. मी गिऱ्हाइकासमोर चॅट उडवते आणि फोल्डरमधली फाइल शिफ्ट दाबून डिलीट करते, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. काहींना ते बघायला वेळ नसतो. काही जण उलट म्हणतात, "राहू द्या हो, परत लागलं तर तुमच्याकडंच घेतो." दुकान म्हणजे काय माझं डिजिलॉकर आहे का यांचं?

मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयानं एक सूचना काढली होती. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा, आणि सायबर कॅफेसारख्या ठिकाणी आधार डाउनलोड केलंच तर फाइल कायमची पुसून टाका. दोन दिवसांत गैरसमज होईल म्हणून ती मागं घेतली. आमच्या धंद्यावरच बोट होतं, तरी मला ती पटली होती. दुकानात झेरॉक्सला येणारे कागद मी बघते, त्यामुळे जास्तच पटली.

आता चालतं का हे कार्ड? कागदोपत्री चालतं. व्यवहारात समोरच्यावर आहे. पेशंटचा भाऊ मास्क्ड प्रिंट घेऊन लॉजवर जातो आणि परत येतो: "फुल्यांचं चालत नाही म्हणतोय, आख्खं द्या." लॉजवाल्याला नंबराचं काय करायचंय, हे त्यालाही माहीत नसतं. रजिस्टरमध्ये रकाना आहे, तो भरायचाय, बस्स. अशा वेळी मी पूर्ण कार्डाच्या झेरॉक्सवर आडवं पेनानं लिहायला लावते: 'फक्त लॉजमधल्या खोलीसाठी', तारीख आणि सही, अक्षरं फोटोच्या कडेवरून गेली पाहिजेत अशी. जिथं सरकारी योजनेत नंबरच भरायचा असतो तिथं अर्थातच मास्क्ड पुढे करण्यात अर्थ नाही.

एक भ्रमही काढून टाका. फुल्या नंबरावर आहेत, तुमच्यावर नाहीत. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो उघडाच असतो, त्यामुळे मास्क्ड कार्ड सोसायटीच्या किंवा भावकीच्या ग्रुपवर टाकायची वस्तू होत नाही.

ओटीपीचं दुखणं वेगळंच. म्हातारीच्या आधारला मोबाइल नंबर लेकाचा, लेक पुण्यात, ड्यूटीवर फोन बंद. मग मास्क्ड राहतं बाजूला आणि पिशवीतलं जुनं लॅमिनेशन केलेलं कार्ड काचेवर येतं.

त्याच पोर्टलवर बायोमेट्रिक लॉक आहे, म्हणजे अंगठ्याच्या ठशाला कुलूप, तेही फुकट. लावलं की अंगठा ठेवून आधारशी जोडलेल्या बँक खात्यातले पैसे निघत नाहीत. ज्यांची पेन्शन अंगठ्यावर येते त्यांनी काढायच्या आधी थोड्या वेळासाठी उघडायचं, एवढीच कटकट. मला विचाराल तर मास्क्डपेक्षा या लॉकला मी जास्त मार्क देईन, कारण समोरच्याला ते पटलं नाही तरी ते आपलं काम करतं.

मास्क्ड आधारला पाचपैकी साडेतीन. टिक आपोआप लागली तर चार.