आधी डिकिन्सन वाचावा की पेन?

अमेरिकन वसाहती स्वातंत्र्याकडे कशा वळल्या, हे मूळ लेखनातूनच समजून घ्यायचे असेल तर दोन मजकूर अटळ आहेत: जॉन डिकिन्सनची ‘पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याची पत्रे’ आणि थॉमस पेनचे ‘कॉमन सेन्स’.

डिकिन्सनची 12 पत्रे डिसेंबर 1767 पासून फिलाडेल्फियात छापून आली आणि वसाहतींतल्या बहुतेक वृत्तपत्रांनी ती उचलली. नाव शेतकऱ्याचे असले तरी लेखक लंडनमध्ये शिकलेला वकील, आणि ते पानोपानी जाणवते. व्यापाराला वळण लावायला जकात घेणे वेगळे, महसुलासाठी कर लादणे वेगळे. यातल्या महसुली कराचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटला नाही, हा त्याचा कणा. कर किरकोळ आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांना सातवे पत्र बजावते की रक्कम लहान असली तरी पायंडा घातक आहे. उपाय मात्र अर्ज-विनंत्या आणि बहिष्काराचेच. तिसऱ्या पत्रात तो वसाहतींना, लाडक्या पालकाचा नाहक मार खाल्लेल्या आज्ञाधारक लेकरांसारखे वागा, असे सांगतो.

पेनचे पुस्तक जानेवारी 1776 मध्ये आले, तेव्हा लेक्झिंग्टनला ब्रिटिश सैन्याशी चकमक होऊन रक्त सांडून गेले होते. त्याने कराचा कीस पाडलाच नाही. डिकिन्सनचे भांडण पार्लमेंटशी होते, राजा त्याने शाबूत ठेवला होता. पेनने घाव घातला तो राजेपदावरच. इस्राएलींनी राजा मागितला तेव्हा देव कोपला, ही बायबलातली शमुवेलाची कथा त्याने आधाराला घेतली, ती घरोघरी पाठ होती. तिथे डिकिन्सनसारख्या लॅटिन अवतरणांचे काम नव्हते. ब्रिटन आपली जन्मदाती आहे म्हणणाऱ्यांना तो सुनावतो: मग तिची करणी अधिकच लाजिरवाणी, पशूसुद्धा आपली पिल्ले खात नाहीत. दोघांचीही उपमा घरातलीच, पण आठ वर्षांत ती पार उलटली. आमच्या मते सगळा बदल या दोन वाक्यांत दिसतो.

म्हणून डिकिन्सनचे दुसरे, तिसरे आणि सातवे पत्र आधी वाचा, मग पेनचा तिसरा भाग. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर फक्त पेन घ्या. पण पहिल्या पानापासून सुरू करू नका, शासनसंस्थेच्या उगमाची तात्त्विक चर्चा अनेकांना तिथेच थांबवते. आवृत्ती फेब्रुवारी 1776 ची वाढीव घ्या. युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथीयांना दिलेले उत्तर पहिल्या आवृत्तीत नाही. तीन महिन्यांत 1,20,000 प्रती खपल्या हा आकडा पेनचा स्वतःचा. बरेच इतिहासकार तो मानत नाहीत. आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही नाही म्हणून डिकिन्सनला इंग्रजधार्जिणा ठरवू नका. 1776 च्याच जुलैत तो वसाहतींच्या बाजूने पलटण घेऊन निघाला होता.