कुर्त्याच्या खिशात मावणारा कॅमेरा: रिको जीआर थ्री, दीड वर्ष वापरून

कॅमेरा घ्यायच्या आधी मी थर्माकोलचा एक तुकडा कापला. १०९ मिलिमीटर लांब, ६२ उंच, ३३ जाड. रिको जीआर थ्रीची हीच मापं. तो तुकडा आठवडाभर खिशात घालून डोंबिवली ते सीएसएमटी ये-जा केली. बसायला-उठायला काही अडचण नाही. मग वजनाचं बघायचं होतं. बॅटरी आणि कार्ड धरून कॅमेरा २५७ ग्रॅम भरतो, म्हणून पाव किलो साखरेची पुडी खिशात टाकली, तर दुसऱ्याच दिवशी खिशाची शिवण उसवली. आमच्या शिवणाऱ्या ताईंनी तीन कुर्त्यांचे खिसे दोन बोटं खोल करून आतून मांजरपाट लावून दिलं. रोज जवळ ठेवायचा कॅमेरा कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी खिशाचं विचारते. मेगापिक्सेलचं नंतर.

कारण घरी डीएसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा होता. मुलाचे दोन वाढदिवस आणि गणपतीत एकदा गावी, एवढ्यासाठी तो बाहेर निघाला आणि पुढे चार वर्षं कपाटात राहिला. एका पावसाळ्यानंतर काढला तेव्हा भिंगाच्या आत बुरशीची पांढरी जाळी पसरली होती. फार हळहळ वाटली. तेव्हाच ठरवलं, आता घेईन तो कॅमेरा रोज अंगावर असला पाहिजे.

फोन का नाही? मला फोटो काढायचे असतात ते लेडीज डब्यात. तिथे फोन उभा धरला की समोरच्या बाईला वाटतं व्हिडिओ चाललाय, आणि ती अवघडते. तिचं अवघडणं रास्तच आहे. शिवाय फोन संध्याकाळच्या उजेडात चेहरे इतके गुळगुळीत करतो की त्या आमच्या डब्यातल्या बायका वाटत नाहीत.

फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांची बरीच दुकानं आहेत. तीन शनिवार तिथे घातले. सोनीचा आरएक्स१०० सेव्हन हातात घेतला. चोवीसपासून दोनशे मिलिमीटरपर्यंत झूम, वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), फ्लॅशसुद्धा. गावी जत्रेला नेण्यासाठी मी डोळे मिटून तोच सुचवेन. पण जाडी जवळजवळ ४३ मिलिमीटर, आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, नावाला एक इंची, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. रिकोचा एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर २३.५ बाय १५.६ चा, म्हणजे क्षेत्रफळाने तिप्पट. डब्यातल्या ट्यूबलाइटमध्ये हा फरक उघड दिसतो. फुजीचा एक्स१००सिक्स पाहून मन हेलावलं, इतका सुंदर आहे. पण त्याचं वजन ५२१ ग्रॅम. तो गळ्यात घालायचा कॅमेरा आहे.

रिको मी वापरलेला घेतला, बासष्ट हजारांना. वापरलेला घेताना एक परीक्षा कराच. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर न्या (भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र सगळ्यात लहान), पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. भिंग आत-बाहेर सरकतं तेव्हा धूळ आत जाऊ शकते, आणि भिंग निघत नसल्यामुळे सेन्सर पुसायचा तर कॅमेराच खोलावा लागतो. एका दुकानदाराने ‘एकदम नवा आहे मॅडम’ म्हणत दाखवलेल्या कॅमेऱ्यात मला तीन काळे ठिपके दिसले. तो म्हणाला, भिंतीवरचे डाग आहेत. मी कॅमेरा उभा धरून भिंतीच्या दुसऱ्या टोकाचा फोटो काढला. ठिपके तिथेही तसेच, कोपऱ्याच्या त्याच ओळीत. मी उठून आले. पुढे दुसऱ्या दुकानात स्वच्छ सेन्सरचा मिळाला. आता त्या खिशात मी दुसरं काहीही ठेवत नाही. रुमाल नाही, सुटे पैसे नाहीत, पास नाही. आणि दर रविवारी खिसा उलटा करून झटकते.

या कॅमेऱ्यावर माझा जीव बसला तो स्नॅप फोकसमुळे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं: एक मीटर, दीड, दोन, असं पुढे अनंतापर्यंत. बटण अर्धवट न दाबता एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर थेट फोटो घेतो. दीड मीटर आणि एफ/८ ठेवलं की साधारण पाऊण-एक मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे समोरच्या बाकावरच्या गुडघ्यांपासून दारात उभ्या असलेल्या बायकांपर्यंत अख्खा डबा. खिशातून काढून चालू व्हायला सेकंदही लागत नाही, आणि सगळं एका हाताने. दुसरा हात वरच्या कडीला असतो, त्यामुळे माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

संध्याकाळच्या स्लोमध्ये माझ्यासमोर एक काकू रोज भाजी निवडतात. मेथीची जुडी मांडीवरच्या वर्तमानपत्रात, पानं पिशवीत, काड्या कागदावर. डाव्या अंगठ्याचं नख हिरवं झालेलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, “काकू, तुमच्या हातांचा फोटो काढू का?” त्या म्हणाल्या, “हातांचा कसला गं, मेथीचा काढ. आज कोवळी मिळालीये.” काढला. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, एफ/४. मोठा करून पाहिला तर नखाची हिरवी कड, बांगडीवरचा ओरखडा आणि वर्तमानपत्राची अक्षरं, सगळं आहे. या कॅमेऱ्याला झूम नाही. भिंग २८ मिलिमीटरच्या बरोबरीचं, रुंद दृश्य घेणारं, म्हणजे हाताचा फोटो हवा तर हाताजवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर आधी बोलावं लागतं. माझ्या मते हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. न विचारता काढलेला एकही चेहरा माझ्याकडे नाही.

दादरच्या फुलबाजारात पहाटे जाते तेव्हा मात्र झेंडूला जपावं लागतं. पिवळ्याजर्द बल्बखाली केशरी ढीग एकसारखा सपाट येतो, पाकळी दिसत नाही. एक्स्पोजर उणे ०.७ केलं, म्हणजे फोटो थोडा गडद घेतला की पाकळ्या सुट्या होतात.

आता उणिवा. बॅटरी लहान आहे. कंपनीच्याच हिशेबाने एका चार्जिंगमध्ये साधारण दोनशे फोटो. दोन बॅटऱ्या हव्यातच. यूएसबी-सी असल्यामुळे पॉवर बँकवरही चार्ज होते, एवढा दिलासा. फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीन हलत नाही. भर दुपारी प्लॅटफॉर्मवर स्क्रीनवर हाताची सावली धरावी लागते. कार्ड घरी लॅपटॉपमध्येच राहिलं तर आतली २ जीबी जागा कामाला येते. मला दोनदा आली.

पावसाची खरी काळजी आहे. याला पाणी-धूळ अडवणारं सील नाही. जून ते सप्टेंबर मी तो झिपच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवते. एसी लोकलमधून उतरल्यावर लगेच बाहेर काढत नाही. गार भिंगावर दमट हवा बसून ते धुरकट होतं. पूल ओलांडून रिक्षापर्यंत येईतो कॅमेरा खिशातच राहू दिला की अंगाच्या उबेने ठीक होतो.

२०२५ मध्ये जीआर फोर आलाय, पण तेवढी किंमत मोजण्याइतकी गरज मला वाटली नाही. चेहऱ्यांचे फोटो जास्त काढणाऱ्यांनी २०२१ चा थ्रीएक्स बघावा. त्याचं भिंग ४० मिलिमीटरच्या बरोबरीचं, म्हणजे थोडं जवळचं दाखवणारं, जाडी फक्त दोन मिलिमीटरने जास्त. डब्यातल्या एका मैत्रिणीला नातीचे फोटो काढायला तोच घ्यायचाय. माझ्या थर्माकोलच्या तुकड्याला दोन मिलिमीटरचा पुठ्ठा चिकटवून तिला दिलाय. सोमवारपासून तिच्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात आहे.